पुस्तकातल्या चौकोनात धडा आहे, पण तो उघडणार कोण?

भंडारा : बालभारतीचे नवे पुस्तक उघडले की पहिल्या पानावर आणि धड्यांजवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसतो. किराणा दुकानात पैसे द्यायला स्कॅन करतो तसलाच हा क्यूआर कोड. फरक एवढाच, की यातून पैसे जात नाहीत, धडा येतो. दीक्षा या सरकारी मोफत अ‍ॅपमधून पहिल्या पानावरचा कोड स्कॅन केला की अख्खे पुस्तक मोबाईलवर उघडते. धड्याजवळचा कोड स्कॅन केला तर त्या धड्याशी जोडलेले व्हिडिओ आणि इतर साहित्य मिळते.

ही वाट आधी पाडली ती जिल्हा परिषदेच्याच एका शिक्षकाने. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याने आपल्या पुस्तकांतही ते छापायला घेतले. डिसले गुरुजींना डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. पण त्यांनी नुसता कोड चिकटवला नव्हता. कोडच्या मागे काय असावे, आपल्या वर्गातल्या पोरांना काय अडते, हे त्यांनी आधी पाहिले होते.

नेमके इथेच गाडे अडते. युनेस्कोच्या 2023 च्या शिक्षण अहवालात दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचा दाखला आहे. तिथे दहा लाखांवर लॅपटॉप वाटले, पण शिकवण्याच्या पद्धतीत ते बसवलेच नाहीत. पोरांचे शिकणे सुधारले नाही. लोकवर्गणीतून टीव्ही घेणाऱ्या आपल्या गावांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारने 2019 मध्ये निष्ठा कार्यक्रम सुरू केला. कोरोनात, 2020 पासून, तो दीक्षावर ऑनलाइन आला. फायदा उघड आहे. लाखांदूरच्या टोकावरच्या शाळेतल्या मॅडमना वर्ग सोडून तालुक्याला जावे लागत नाही. तोटाही तेवढाच उघड आहे. व्हिडिओ चालू ठेवून दुसरे काम करता येते आणि शेवटी प्रमाणपत्र हाती पडते. म्हणून मोबाईलवर शिकलेले वर्गात करून पाहणे आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत इतर शिक्षकांसमोर ते मांडणे, हा भाग सुटला तर ऑनलाइन प्रशिक्षण कागदावरच राहते.

चांगला वापर कसा असतो? बियाणे रुजण्याचा धडा घ्या. व्हिडिओत आठ दिवसांची वाढ एका मिनिटात दिसते. जाणता शिक्षक तो मध्येच थांबवतो आणि विचारतो, "पऱ्हे टाकल्यावर धानातून आधी काय निघते रे, कोंब की मूळ?" आपल्याकडच्या पोरांनी पऱ्हे पाहिलेले असतात, त्यामुळे वाद रंगतो. मग ओल्या फडक्यात धान बांधून वर्गातच ठेवायचे आणि रोज उघडून पाहायचे. व्हिडिओ दोन मिनिटांचा, धडा आठवडाभराचा. व्हिडिओ लावून सरांनी रजिस्टर भरत बसणे म्हणजे शिकवणे नव्हे.

घरची अडचण वेगळी. रोवणीच्या दिवसांत मोबाईल बाबांसोबत बांधीत जातो आणि संध्याकाळी चार्जिंग नसते. त्यावर उपाय आहे. रेंज मिळेल तिथे दीक्षात मराठी माध्यम आणि मुलाचा वर्ग निवडून हव्या त्या धड्याचे साहित्य डाउनलोड करून ठेवावे. नंतर ते नेट नसतानाही चालते. कोड ओला होऊन पुसट झाला असेल आणि खालची सहा अक्षरे वाचता येत असतील, तर तीच अ‍ॅपमध्ये टाकावी.

शाळेत विचारायचे तर व्यवस्थापन समितीची बैठक आहेच. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. टीव्ही आहे का, एवढ्यावर थांबू नये. तो गेल्या महिन्यात कोणत्या धड्याला लावला, विजेचे बिल कशातून भरले जाते आणि सर-मॅडमनी या वर्षी कोणते प्रशिक्षण घेतले, हेही विचारावे.