युक्तिवादाची पारख

वक्त्याच्या आवेशावरून युक्तिवादाचें बळ ठरत नाहीं. त्यांतील हेतु कसोटीस उतरतो कीं नाहीं, यावरून तें ठरतें. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीनें कहर केला. दूषित हवेनें पटकी होते, असें तेव्हां बहुतेक डॉक्टर मानीत. परंतु त्याच हवेंत वावरणारे तेथील बीअरच्या भट्टीचे कामगार वांचले. ते रस्त्यावरील पंपाचें पाणी पीत नसत. हेतु असून साध्य नसणें, यास न्यायशास्त्र 'व्यभिचार' म्हणतें. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहून त्याच पंपाचें पाणी मागविणारी विधवा दगावली. डॉ. जॉन स्नो यांनीं अशींच उदाहरणें तपासून पाण्याकडे बोट दाखविलें. अनुकूल उदाहरणें प्रत्येक मतास सांपडतात. प्रतिकूल उदाहरण मुद्दाम शोधावें, हीच खरी पारख होय.