फीत कापल्यानंतर

वीजप्रकल्प आणि लोकविरोधाचा आढावा मुळशीपासून सुरू करायचा, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. टाटांचे धरण, 1921, सेनापती बापट. वाचकांना हे पाठ आहे, तेव्हा ती पाने मी उलटून टाकतो. एन्रॉनवर तर एवढे छापून झाले की दाभोळचे नाव काढताच संपादक जांभई देतात. एकच नोंदवतो. ही वीज परवडणार नाही असे विरोधक घसा फोडून सांगत होते. 2001 मध्ये वीज मंडळाने नेमक्या त्याच कारणाने ती घेणे थांबवले. त्यांचे बरोबर होते, असे सरकारदरबारी कोणी लिहून ठेवले नाही. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचे 9,900 मेगावॅट अजून कागदावरच आहेत; 2011 मध्ये नाट्याला झालेला गोळीबार मात्र घडून गेला. नाणार-बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा गुंता अजून ताजा आहे, त्यावर आज घाईने निकाल देण्यात अर्थ नाही.

माझा जीव अडकलाय तो डहाणूत. तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, तरी खाडीकाठी पाचशे मेगावॅटचे कोळशाचे केंद्र उभे राहिलेच. एवढ्यावर बाकीचे लढे संपतात. मोर्चेकरी घरी जातात, पुढारी दुसरा विषय धरतात. डहाणूकर घरी गेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये तालुक्यापुरते पर्यावरण प्राधिकरण नेमले गेले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याच्या अध्यक्षपदी बसले, ते 2019 मध्ये जाईपर्यंत. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असे प्राधिकरणाने 1999 मध्ये बजावले. कंपनीने चालढकल केली. मग तीनशे कोटींची बँक हमी मागितली गेली, आणि 2007 मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा सुरू झाली. चिकूच्या बागायतदाराला दाद मागायला दिल्ली गाठावी लागत नव्हती, यातच सगळे आले. वाढवणला बंदर नको, असेही याच प्राधिकरणाने 1998 मध्ये स्पष्ट सांगितले होते.

काही विद्वान या व्यवस्थेला विकासाच्या पायातली बेडी म्हणत. केंद्र तर बंद पडले नाही. धूर धुतला गेला आणि मुंबईच्या उपनगरांना वीजही मिळत राहिली. यात बेडी कुठली, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

पुढे काय झाले ते सांगायला हात जड होतो. त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये वाढवणला हिरवा कंदील दाखवला. गंधक काढण्याच्या सक्तीतून केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना मोकळे केले. डहाणूत जे लढून मिळवले, ते इतर बहुतेकांना आता मागण्याचीही सोय राहिली नाही.

आमच्या नवी मुंबईत असे प्राधिकरण कधी झालेच नाही. उरणचे वायूवरचे 672 मेगावॅटचे केंद्र वायूअभावी पूर्ण क्षमतेने चालत नाही, पण भूसंपादनाच्या वेळी सांगितलेले फायदे पुन्हा कोणी तपासले? सप्टेंबर 2019 मध्ये ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात आग लागून चौघे गेले. शेजारच्या गावांनी घाबरून धावाधाव केली, नंतर बातमी विझली. खारघर-विक्रोळी 400 केव्ही वाहिनी 2023 मध्ये सुरू झाली. मुंबईला ती हवीच होती. ऑक्टोबर 2020 मध्ये अख्खी मुंबई अंधारात गेली, तेव्हा आपण सगळे बोंबलतच होतो. गोम अशी की पारेषण वाहिन्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीतच नाहीत, त्यामुळे त्या कायद्याखाली जनसुनावणीचा प्रश्नच येत नाही. वाहिनीच्या वाटेतली तिवरे तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, हे 2018 पासून ठरलेले आहे. पण न्यायालय परवानगी देते. बदल्यात लावलेली रोपे तिसऱ्या पावसाळ्यात जगली की मेली, हे पाहायला ते चिखलात उतरत नाही.

बाल्कनीतून फ्लेमिंगो टिपणारी आमची पर्यावरणप्रेमी मंडळी परवानगीच्या दिवशी फलक घेऊन उभी असतात; तिसऱ्या पावसाळ्यात त्यांच्यातलेही कोणी दिसत नाही. ठाणे खाडीपासून उरणपर्यंत एक प्राधिकरण हवे, डहाणूच्या पहिल्या वीस वर्षांसारखे, आणि त्यात दोन खुर्च्या खाडीत जाळे टाकणाऱ्या आगरी-कोळ्यांसाठी हव्यात, मतदानाच्या हक्कासकट.