तिसऱ्या अक्षावर काय मांडायचे?

अनेक द्विमितीय वक्र एकाच त्रिमितीय आलेखात कसे मांडायचे, आणि मुळात का मांडायचे, हा आजचा विषय.

उदाहरण आपल्या मीरा-भाईंदरचेच घेऊ. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र. एका दिवसाच्या भरती-ओहोटीचा आलेख सोपा असतो : आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पाण्याची उंची. साधारण दोन उंचवटे, दोन खळगे. आता पंधरा दिवसांचे पंधरा वक्र एकाच कागदावर काढा. काय दिसेल? गुंतलेल्या लोकरीचा गुंडा! पंधरा रंग वापरले तरी गुंता सुटत नाही.

मग आपण तिसरा अक्ष घेतो, दिवसाचा. कृती अगदी साधी आहे, बरं का. दर १५ मिनिटांची नोंद असेल तर एका दिवसाच्या ९६ नोंदी होतात. वेळेचा एक स्तंभ, उंचीचा एक स्तंभ. आता तिसरा स्तंभ जोडायचा आणि त्यात दिवसाचा क्रमांक ९६ वेळा तोच लिहायचा. पुढच्या दिवसाला पुढचा क्रमांक. पायथनमधले मॅटप्लॉटलिब असो वा ग्नूप्लॉट, तत्त्व हेच. कपाटात पुस्तके उभी लावावीत तसे वक्र एकामागे एक उभे राहतात.

आणि आता बघा, गुंत्यात लपलेली गोष्ट समोर येते. उंचवट्यांची रांग सरळ मागे जात नाही, तिरपी जाते. कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ना, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, तोच हिशोब इथे डोळ्यांना दिसतो. शिवाय अष्टमीच्या सुमारास रांग बुटकी होते, तो भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उंच होते, ते उधाण.

पण इथे एक तात्त्विक प्रश्न आहे. दिवसांना स्वतःचा क्रम आहे, म्हणून तिरपी रांग खरी. समजा, तिसऱ्या अक्षावर आपण ठिकाणे ठेवली : कुलाबा, सांताक्रूझ, भाईंदर. हा क्रम आपण लावलेला. बदलला की आकारही बदलेल. त्या वक्रांवरून सलग पृष्ठभाग ओढला, तर दोन ठिकाणांमधल्या पावसाबद्दल आपण न मोजलेले विधान करतो. २६ जुलै २००५ला २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७४. मधली गुळगुळीत उतरण कुणी मोजली होती?

दुसरी अडचण झाकाझाकीची. पुढचा उंच वक्र मागच्याला लपवतो. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांचे पाणी खाडीत उतरत नाही. नेमका तोच दिवस मागे दडला, तर आलेख देखणा असूनही घातक ठरेल. म्हणून बघण्याचा कोन बदलून पाहावा, आणि तेच वक्र शेजारीशेजारी सपाट मांडूनही ठेवावेत.

सारांश असा : तिसऱ्या अक्षाला स्वतःचा क्रम असेल तर खोली ही माहिती असते, नसेल तर ती नुसती सजावट. अक्ष काढण्याआधी एवढे एकदा विचारू या.