सात जोडपी आणि एक गुणसूत्र

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींची कथा आमच्या अलिबाग तालुक्यात बहुतेकांनी ऐकलेली असते. दोनेक हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून ते 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून घेतली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. मी जीवशास्त्राचा मास्तर असल्यामुळे या कथेत मला नेहमी एक गणित दिसायचं. पुरुषही बाहेरचे आणि बायकाही बाहेरच्या, असं कथा सांगते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात.

पुरुषांची बाजू वाय गुणसूत्रावरून कळते. ते बापाकडून फक्त मुलाला मिळतं. बाकीच्या गुणसूत्रांत दर पिढीला आईकडचं आणि बापाकडचं यांची सरमिसळ होते, पण वायचा बराचसा भाग त्यातून सुटतो आणि जसाच्या तसा पुढे जातो. आडनाव जातं तसाच, म्हणा ना. सुमारे 6 कोटी अक्षरांच्या या मजकुरात अधूनमधून एखादं अक्षर बदलतं, आणि तो बदल त्या माणसाच्या मुलानातवंडांत, म्हणजे त्यातल्या पुरुषांत, खूण म्हणून राहतो. दोन समाजांतल्या पुरुषांच्या खुणा ताडून पाहिल्या की त्यांचा सामाईक पूर्वज जवळचा की फार लांबचा, याचा अंदाज येतो. बायकांची बाजू कळते मायटोकॉन्ड्रियाच्या छोट्याशा डीएनएवरून. तो आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे पोचवतात त्या फक्त मुली.

वर्गात मी एक आकडा फळ्यावर लिहायचो: 1024. दहा पिढ्या मागे गेलं की वंशवृक्षात पूर्वजांच्या एवढ्या जागा होतात. मुलग्याचं वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाकडून आलेलं असतं. उरलेल्या 1023 जागांबद्दल ते अवाक्षर काढत नाही. "माझा वाय अमुक गटाचा, म्हणजे मी अमुक वंशाचा" असं छाती फुगवून सांगणारे भेटले की मला हा आकडा आठवतो.

तर बेने इस्रायलींचं काय निघालं? त्यांच्या मातृवंशाच्या खुणा बहुतांशी भारतीय निघाल्या, आणि त्याही मोजक्याच प्रकारांच्या, म्हणजे सुरुवातीच्या आया थोड्या होत्या. 2016 साली 18 बेने इस्रायली व्यक्तींचा सगळा जनुकसंच ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समाजांशी ताडून पाहिला गेला. त्यात ज्यू वारसा ठळक दिसला, भारतीयही ठळक दिसला. ज्यू वाटा मुख्यतः पुरुषांकडून आलेला, भारतीय वाटा मुख्यतः बायकांकडून. म्हणजे कथेतल्या सात पुरुषांना आधार मिळाला आणि सात बायका अडचणीत आल्या.

इथे घाई करू नये. पश्चिम आशियातला वाय सापडला म्हणून तो ज्यू ठरत नाही. चौल आमच्या हाकेच्या अंतरावर. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी तिथे आला तेव्हा अरबी व्यापाऱ्यांची भरलेली वस्ती होती. असल्या बंदराच्या आसपास असा वाय कुणाच्याही घरात निघू शकतो. म्हणून 2016च्या अभ्यासाने नुसत्या पितृवंशावर भिस्त ठेवली नाही. दोन माणसांत डीएनएचे लांबच लांब तुकडे सारखे निघाले तर नातं त्यामानाने अलीकडचं, हे तत्त्व वापरलं. असे तुकडे इतर भारतीयांपेक्षा बेने इस्रायलींचे ज्यूंशी अधिक जुळले. हाच पुरावा मला वजनदार वाटतो. मिश्रण झालं 19 ते 33 पिढ्यांपूर्वी, साधारण 650 ते 1050 वर्षांमागे, असाही हिशेब निघाला. त्यावरून जहाजाची तारीख काढायला काही लोक धावले. पण हा काळ सोयरीक झाल्याचा आहे, किनाऱ्याला लागल्याचा नव्हे.

पुरुष एकीकडचे आणि बायका दुसरीकडच्या, हे चित्र जगात काही नवं नाही. आइसलंडमध्ये पितृवंशाच्या तीन चतुर्थांशांहून अधिक खुणा स्कँडिनेव्हियातल्या आहेत, तर मातृवंशाच्या निम्म्याहून अधिक स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या. नॉर्वेतून निघालेल्या पुरुषांनी वाटेत त्या बेटांवरून बायका आणल्या. काही लग्न करून, पुष्कळशा दासी म्हणून. उलट स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर दोन्ही बाजूंचं प्रमाण जवळपास सारखं आहे. तिथे नॉर्वेतून बायकापोरांसह कुटुंबंच्या कुटुंबं आली असावीत. नुसते पुरुषांचे नमुने तपासले असते तर दोन्हीकडे नॉर्वेचे लोक आले एवढंच समजलं असतं. ते कसे आले, हे बायकांच्या बाजूने सांगितलं.

नवगावच्या पुरुषांनी इथल्या बायकांशी लग्नं केली ती कोणत्या परिस्थितीत, हे डीएनए सांगत नाही. घरात मराठी कशी आली, साडी कशी आली, मंगळसूत्र कसं आलं, याचा अंदाज मात्र मला बांधता येतो.

गंमत अशी, की ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे ज्यू असणं आईकडून मिळतं. इस्राएलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नांना तिथल्या धर्मपीठाने साठच्या दशकात आडकाठी केली, त्यांची वंशावळ तपासायला घेतली. 1964 साली या आमच्या कोकण्यांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं, आणि शेवटी सरकारने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. त्या वेळी असल्या चाचण्या नव्हत्या तेच बरं. पितृवंशाचा पुरावा धर्मपीठाच्या लेखी कुचकामी ठरला असता, आणि मातृवंशाचा तर यांच्याच विरोधात गेला असता.