नवी प्लेट आणि न सुटणारा क्लच

जबलपूरला १९६९ साली वाहन निर्माणी स्थापन झाली आणि सैन्याच्या शक्तिमान मालमोटारी तेथे तयार होऊ लागल्या. त्याच शहरातला गढा हा गोंड राजांच्या राजधानीचा जुना भाग. तेथील एखाद्या अरुंद गल्लीत, नुकतीच क्लच-प्लेट बदललेली मालमोटार गिअरमध्ये असताना, पेडल पुरते दाबूनही पुढे सरकू लागली, तर समोरच्या माणसाच्या जिवावरच बेतावयाचे. यालाच मिस्त्री म्हणतात, क्लच सुटत नाही.

अशा वेळी मालक नव्या मालाला दोष देतो आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावयास सांगतो. ही घाई महागात पडते. आधी बाहेरून पाहावे. पेडलची मोकळी चाल फार असेल, तर उरलेल्या चालीत प्रेशर प्लेट पुरेशी मागे हटत नाही. तेलाच्या दाबावर चालणारी रचना असेल, तर नळीत हवा शिरलेली असण्याचा संभव असतो. तेल सहसा दबत नाही, हवा दबते. म्हणून पायाचा जोर वाटेतच जिरतो. पेडल भराभर दोन-तीनदा मारल्यावर गिअर सहज पडू लागला, की हवेचा संशय बळावतो.

येथे दोष न सापडला तरच आत शिरावे. प्लेट उलटी बसली असेल, तर तिचा मधला उंच भाग फ्लायव्हीलला घासतो. गिअरबॉक्स चढविताना त्याचा भार प्लेटवर लोंबकळत ठेवला असेल, तर ती वाकते. ही चूक पुष्कळदा घडते. कबूल मात्र क्वचितच होते. वाकलेली प्लेट ठोकून सरळ करू पाहणे व्यर्थ होय. ती बदलावीच लागते.