साठीनंतरची पहिली कादंबरी

"साठी बुद्धि नाठी" ही म्हण आमच्या घरांत गेल्या दोन वर्षांत जितक्या वेळां ऐकूं आली, तितकी मागील सबंध आयुष्यांत आली नसेल. कारण एवढेंच कीं, शाळेंतून निवृत्त होऊन कांहीं वर्षें लोटल्यावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, आम्हीं कादंबरी लिहावयास घेतली. "अहो, आतां जपमाळ हातीं घ्यायची, तर लेखणी कसली घेतां?" असा सौभाग्यवतींचा प्रश्न. धाकटे बंधु नुसतेच हंसले. सूनबाईंनीं मात्र कांहीं न बोलतां एक कोरी वही आणून आमच्या बैठकीवर ठेविली. खालापूर तालुक्यांतील कुंभिवलीसारख्या खेड्यांत राहणाऱ्या, जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या, आणि उभा जन्म मुलांचें शुद्धलेखन तपासण्यांत घालविलेल्या मास्तरानें हें धाडस करावें काय, अशी शंका आमच्याहि मनांत होतीच. तिचें जें उत्तर आम्हांस मिळालें, तें समवयस्क वाचकांच्या उपयोगीं पडेल, या हेतूनें येथें देत आहों.

कादंबरी हें तरुणांचें काम, असा समज होण्यास आधार आहे. हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ चा. त्यांची 'मधली स्थिति' १८८५ सालीं प्रसिद्ध होऊं लागली, म्हणजे तेव्हां ते अवघे एकवीस वर्षांचे होते. परंतु दुसऱ्या बाजूचे दाखलेहि थोडे नाहींत. ज्ञानकोशाचे कर्ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर कादंबरीकडे वळले ते चाळिशी उलटल्यावर, आणि त्यांची 'ब्राह्मणकन्या' १९३० सालची आहे. इंग्लंडांतील डॅनिअल डिफो यानें व्यापार केला, दिवाळें काढलें, तुरुंगवास भोगला, वर्तमानपत्रें चालविलीं आणि मग १७१९ सालीं, साठीच्या उंबरठ्यावर, 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिली. त्याच देशांतील विल्यम डी मॉर्गन हा मातीचीं भांडीं व चित्रांच्या फरशा घडविणारा कारागीर; त्याची पहिली कादंबरी १९०६ सालीं निघाली, तेव्हां त्याचें वय सहासष्ट होतें. आमचेंहि वय तेंच निघाल्यामुळें हा दाखला आम्हीं घरांत दोनदां वाचून दाखविला, हें कबूल केलें पाहिजे.

तथापि इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्याच तालुक्यांतील खोपोलीचें नांव मराठी कादंबरीच्या इतिहासांत लागलेलें आहे, तें रघुनाथ वामन दिघे यांच्यामुळें. दिघे यांचा जन्म १८९६ सालीं कल्याणास झाला. ते बी. ए., एल्‌एल्. बी. झाले, कांहीं वर्षें वकिली केली, आणि पुढें ती सोडून खोपोलीच्या परिसरांत शेती करूं लागले. 'पाणकळा' ही त्यांची पहिली कादंबरी १९३९ सालची. त्या वेळीं ते त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यामागून 'सराई', 'आई आहे शेतात', 'पड रे पाण्या' अशा कादंबऱ्या आल्या. हीं नांवेंच पाहावीं! शेत आणि पाऊस यांवांचून त्यांत दुसरें कांहीं नाहीं. पाणकळा म्हणजे पावसाळा; हा शब्द कोशांत आहे खरा, पण तो घडला शेतकऱ्याच्या तोंडांत. सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतील प्रेमकथांची चलती असतां या वकिलानें बांधावरचा माणूस कादंबरींत आणिला. चाळिशीपर्यंत पोट भरण्यासाठीं केलेलें काम व नंतर स्वतः केलेली शेती, हीच त्यांची पुंजी. उशीर झाला असें आपण म्हणतों, तो पुष्कळदां पुंजी सांठण्याचा काळ असतो.

एवढें वाचून आम्हांस वाटलें, पुंजी तर आमच्याजवळहि आहे. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें, त्याच्या गोष्टी आमचे आजोबा सांगत. पुढें कारखाने आले, आणि २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग याच तालुक्यांतून गेला. जमिनीचें मोल वाढलें आणि भावाभावांमधील बोलणें कमी झालें. एका भातखाचरावरून दुरावलेल्या दोन भावांची कथा लिहावयाची, असें आम्हीं ठरविलें. पहिलें प्रकरण महिनाभरांत लिहून झालें. भाषा निर्दोष, उपमा कालिदासाच्या वळणाच्या. वाचतांना आमचें आम्हांसच समाधान वाटे.

तें प्रकरण आम्हीं एका जुन्या विद्यार्थ्यास वाचून दाखविलें. हा गृहस्थ आतां पन्नाशीचा असून अजून स्वतःचें भात स्वतः लावतो. त्यानें सबंध ऐकून घेतलें, आणि संकोचानें म्हणाला, "गुरुजी, हा मानूस आपल्या गावचा नाय. हा शाळेचा हाय."

आम्हीं विचारलें, "तें कसें रे?"

"तो 'पाणी' बोलतो. आमी 'पानी' बोलतो. मी वहीत 'पानी' लिवलं, तवा तुमीच पट्टी मारली व्हती."

तो हंसत बोलला. त्याच्या मनांत कांहीं राग नव्हता. आम्हांला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. चार दशकें तांबड्या शाईनें आम्हीं जें खोडीत आलों, तेंच आज आम्हांस कादंबरीसाठीं हवें होतें, आणि तें आमच्याजवळ शिल्लक नव्हतें. शुद्धलेखन शिकविणें हें आमचें कर्तव्यच होतें. त्याबद्दल खेद नाहीं. पण शुद्ध लिहिण्यास शिकवितांना, घरची बोली ही चूक नसून ती दुसरी एक रीत आहे, एवढें एक वाक्य त्या मुलांना सांगावयास हवें होतें. तें आम्हीं कधींच सांगितलें नाहीं. किती मुलें त्यामुळें वर्गांत तोंड मिटून बसलीं असतील, याचा हिशेब आतां कोण देणार?

दुसऱ्या दिवशीं पहिलें प्रकरण आम्हीं बाजूस ठेविलें आणि त्याच विद्यार्थ्याच्या बांधावर जाऊन बसलों. तो सांगे, आम्ही टिपून घेऊं. राब केव्हां भाजतात, आवण कसें काढतात, लावणीच्या वेळीं बायका काय बोलतात, इरलें जाऊन प्लॅस्टिकचा कागद केव्हां आला, हें सारें सूनबाईंच्या वहींत उतरलें. एकदां आम्हीं एक शब्द चुकीचा उच्चारला, तेव्हां त्यानें तो दुरुस्त केला आणि लगेच जीभ चावली. आम्हीं म्हटलें, "चावूं नकोस. आज पट्टी तुझ्या हातीं आहे."

या अनुभवावरून समवयस्कांस दोनतीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रोज एकच तास, पण ठरलेल्या वेळीं लिहावें. उपदेश करण्याची हुक्की आली कीं लेखणी खालीं ठेवावी. तें काम आपण नोकरींत पुष्कळ केलें आहे. घरांतील भांडण जसेंच्या तसें कागदावर आणूं नये, कारण एकत्र कुटुंबांत पुस्तकापेक्षां पंगत मोठी. आणि ज्यांच्याविषयीं लिहावयाचें, त्यांच्यापैकीं एकास तरी तें वाचून दाखवावें.

राहतां राहिली आयुष्याची शंका. पुरी होईल कीं नाहीं? मराठींत या वाङ्मयप्रकाराला जें नांव पडलें, तें सातव्या शतकांतील बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून. ती बाणाच्या हातून पुरी झाली नाहीं. तो निवर्तल्यावर त्याच्या पुत्रानें, भूषणभट्टानें, उत्तरभाग रचिला. आणि तोहि कवित्वाच्या अभिमानानें नव्हे, तर ग्रंथ अपुरा राहिल्याचें सज्जनांस दुःख होतें म्हणून. ही हकीकत आम्हीं जेवतांना मोठ्या आशेनें चिरंजीवांस सांगितली. ते शांतपणें म्हणाले, "बाबा, माझ्यावर भिस्त ठेवूं नका. तुम्हींच पुरी करा."

म्हणून आम्हीं पहांटेचा तास आणखी एका घटकेनें वाढविला आहे. सातवें प्रकरण चालू आहे. सौभाग्यवतींची जपमाळ आणि आमची लेखणी आतां एकाच वेळीं चालतात, आणि मधूनच जप थांबवून त्या विचारतात, "मग त्या धाकट्या भावाचें पुढें काय झालें?"