तुरुंगातून सुटल्यावर काम कुठे मिळेल?

केज तालुक्यात शिक्षा भोगून परतलेल्याला लवकर हाती लागणारे काम म्हणजे ऊसतोड. तिथे चारित्र्याचा दाखला लागत नाही. पण उचल घेतली की हंगामभर मुकादमाशी बांधले जावे लागते. रोजगार हमीच्या जॉबकार्डालाही जुनी शिक्षा आड येत नाही. अर्ज ग्रामपंचायतीत करावा.

सरकारी नोकरीत मात्र पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. अर्जात गुन्ह्याची माहिती दडवू नये. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की दडवलेल्या माहितीवरून नोकरी जाऊ शकते. मात्र किरकोळ गुन्ह्याकडे मालक दुर्लक्ष करू शकतो. खरे सांगितले तरी नेमणुकीचा निर्णय मालकाचाच. निर्दोष सुटलेल्यांनी निकालाची प्रत जपून ठेवावी. १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यांना कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

तुरुंगात सुतारकाम, शिवणकाम शिकला असाल तर सुटतानाच प्रमाणपत्र आणि मजुरीचा हिशेब मागून घ्या. पुनर्वसनाच्या मदतीसाठी बीडच्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटा.